३२ आजारांवर एकच बाटली: जत्रेच्या रस्त्यावरच्या टॉनिकचा रिव्ह्यू

प्रॉडक्ट: शक्तिवर्धक टॉनिक, ४५० मिली, एक बाटली ७५० रुपये, तीन बाटल्यांचा 'कोर्स' २१०० रुपये. कुठे मिळालं: महाशिवरात्रीला कुणकेश्वरची जत्रा करून परत येताना रस्त्याकडेला झाडाखाली लावलेल्या टेम्पोवर. कोणी घेतलं: माझ्या आतेने, वय ६३, अकरा वर्षांपासून डायबिटीस. रेटिंग: शून्य.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगतो म्हणजे मी कुठल्या नजरेने लिहितोय ते कळेल. देवगड तालुक्यात माझं मेडिकल आहे, डी. फार्म करून गेली चौदा वर्षं काउंटरवर उभा आहे, आणि औषधाची बाटली हातात आली की आधी मागची बाजू वाचायची ही सवय अंगात भिनलीय. ही बाटली माझ्या हातात आली तेव्हा मात्र पाच आठवडे उशीर झाला होता.

टेम्पोवर मोठा फ्लेक्स, जटावाल्या बाबांचा फोटो, आणि स्पीकरवर एकच रेकॉर्डिंग सतत चालू. शुगर, बीपी, मूळव्याध, मुतखडा, सांधेदुखी, पांढरं जाणं, मुलांची उंची, केस गळणं, दारू सोडवणं, सगळं मिळून ३२ आजार, मी लेबलवर बोट ठेवून मोजलेत. विकणारा पोरगा गोड बोलणारा, वाकून नमस्कार करणारा, आतेला म्हणाला काकी, गोळ्या म्हणजे केमिकल, त्याने किडनी जाते, हे घ्या आणि २१ दिवसांत गोळ्या बंद करा. सोबत वाडीतल्या तीन बायका होत्या, तिघींनी घेतलं, मग आतेनेही घेतलं. मला सांगितलं नाही. नंतर म्हणाली, "तुका सांगाक भियालंय रे बाबू." हे वाक्य अजून डोक्यातून जात नाही, कारण तिच्या गोळ्या दर महिन्याला मीच पोचवत होतो आणि त्या डब्यात तशाच साठत होत्या.

आता बाटलीकडे येतो. तपकिरी प्लास्टिकची, आपल्याकडे फिनेलला असते तशी, झाकणाला सील म्हणजे नुसती चिकटपट्टी. लेबल छापील आहे, चार रंगांत आहे, पण त्यावर उत्पादकाचा पूर्ण पत्ता नाही, लायसन्स नंबर नाही, बॅच नंबरच्या जागी निळ्या शाईचा रबरी शिक्का, तोही ओल्या बोटाने पुसला गेला. घटक म्हणून लिहिलंय '५१ दुर्मिळ जडीबुटी'. एकाही वनस्पतीचं नाव नाही. साध्यातलं साधं आवळ्याचं चूर्ण घेतलं तरी त्याच्यावर कशापासून केलंय, किती ग्रॅम, कुठल्या कारखान्यात, कधीपर्यंत चालेल एवढं असतंच.

स्टीलच्या ताटलीत एक चमचा ओतून बघितलं. काळपट, दाट, चमच्यातून पडताना पाकासारखी तार धरते, वास बडीशेपेचा आणि त्यामागून नाकाला झोंबणारा. ताटली रात्रभर ओट्यावर राहिली तर सकाळी कडेने मुंग्यांची रांग आणि मधे काकवीसारखा चकचकीत थर सुकून बसलेला. डोस काय सांगितलाय, तर दिवसातून तीन वेळा दोन-दोन मोठे चमचे, जेवणाआधी. म्हणजे शुगरच्या पेशंटला शुगरचं औषध म्हणून रोज सहा मोठे चमचे गोड पाक. हे मी टाईप करताना आत्तासुद्धा हात थरथरतोय.

आतेला पहिल्या आठवड्यात खरंच बरं वाटलं. हे मी लपवणार नाही, कारण याच्याशिवाय पुढचं काही समजणार नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "माका बरा वाटता, पोट साफ होता, रात्री झोप लागता, त्या तुझ्या गोळयेंपेक्षा ह्या बरा." आणि ती खोटं बोलत नव्हती. सलग पोट साफ झालं की माणसाला हलकं वाटतं, झोप लागली की सकाळी तरतरी येते, आणि शुगर वाढलेली शरीरात आतल्या आत काम करत असते ती त्या दिवशी दुखत नाही. 'बरं वाटणं' आणि 'बरं होणं' यातल्या या फटीतच अशी बाटली विकली जाते.

आणि हे आजचं नाही. पुढे आतेला ॲडमिट करावं लागलं, त्या रात्री हॉस्पिटलच्या बाहेर बाकावर मी मोबाईलवर हेच वाचत बसलो होतो, पुढचे दोन महिने वाचतच राहिलो. व्हिक्टोरिया राणीच्या काळात, म्हणजे १८३७ ते १९०१, इंग्लंड-अमेरिकेत अशा बाटल्या आणि गोळ्यांचा केवढा मोठा बाजार होता ते वाचून अक्षरशः लेबल समोर ठेवलं आणि ओळ न ओळ जुळवत गेलो. त्यांना 'पेटंट मेडिसिन' म्हणायचे पण बहुतेकांचं पेटंट नव्हतंच, कारण पेटंट घ्यायचं तर कृती उघड करावी लागते आणि यांचा सगळा धंदा कृती लपवण्यावर, त्यामुळे नाव आणि लेबल तेवढं आपल्या नावावर करून ठेवायचे. इंग्लंडात अशा औषधांवर सरकारी कर होता, पाकिटावर सरकारी स्टँप चिकटवावा लागायचा, आणि लोकांना वाटायचं स्टँप आहे म्हणजे सरकारने तपासून पास केलंय. कर भरल्याची पावती होती ती नुसती. आमच्या बाटलीवर काय आहे माहितीये, गोल सोनेरी छाप आणि त्यात 'सरकारमान्य' एवढाच शब्द, कुठल्या खात्याने मान्य केलं त्याचा पत्ता नाही.

थॉमस होलोवे नावाचा माणूस, त्याने १८३७ मध्ये मलम काढलं, पाठोपाठ गोळ्या. जाहिरातीत आजारांची यादी अशी की हिवताप, दमा, कावीळ, जलोदर, फिट, मूळव्याध, संधिवात, जंत, सगळ्यावर एकच गोळी. १८४२ मध्ये तो वर्षाला ५,००० पौंड जाहिरातींवर घालत होता आणि १८८३ मध्ये वारला तेव्हा हा आकडा ५०,००० पौंडांवर गेला होता. जगभरच्या पेपरात, कितीतरी भाषांत, हिंदुस्थानातसुद्धा. त्या पैशातून त्याने मुलींसाठी कॉलेज बांधलं, १८८६ मध्ये खुद्द राणीने त्याचं उद्घाटन केलं, आणि ती इमारत आजही उभी आहे. माणसाने दान मोठं केलं हे मान्य, पण ते पैसे ज्या जलोदरवाल्यांनी, फिटवाल्यांनी शिलिंग-शिलिंग करून दिले त्यांचं काय झालं हा प्रश्न मला सुटत नाही.

दुसऱ्या बीचमच्या गोळ्या. जाहिरात होती की डबी एका गिनीच्या मोलाची आहे, गिनी म्हणजे २१ शिलिंग, आणि मिळायची १ शिलिंग दीड पेनीला, म्हणजे घेणाऱ्याला वाटणार केवढा फायदा. १९०९ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने अशा औषधांचं पृथक्करण करून आकडे छापले. बीचमच्या गोळीत निघालं काय, तर काळाबोळ, सुंठ आणि साबण. ५६ गोळ्यांच्या घटकांची किंमत अर्धा फार्दिंग. हिशोब केला मी, शिलिंगच्या बारा पेनी, पेनीचे चार फार्दिंग, म्हणजे विक्रीची किंमत आतल्या मालाच्या १०८ पट. काळाबोळ म्हणजे सुकवलेला कोरफडीचा रस, आपल्या आजीच्या बटव्यातलाच, त्याने पोट साफ होतं हे आपल्याकडे कोणालाही माहीत आहे. पोट साफ करायला म्हणून विकली असती तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण विकली ती डोकेदुखीपासून मनाच्या उदासीपर्यंत सगळ्यावर. पोट साफ झालं, हलकं वाटलं, म्हणजे औषध लागू पडलं. आतेचे शब्द आठवा.

अमेरिकेतली लिडिया पिंकहॅमची बाटली तर मला सगळ्यात जवळची वाटली, कारण ती बायकांसाठी होती. १८७५ पासून विक्री, पाळीच्या तक्रारी, अंगावरून जाणं, कंबरदुखी, अशक्तपणा, जे बायका डॉक्टरला सांगायला लाजायच्या ते सगळं. बाटलीवर तिचा स्वतःचा चेहरा, मायाळू आजीसारखा, आणि जाहिरातीत आवाहन की मिसेस पिंकहॅमना पत्र लिहा, बाई बाईला उत्तर देईल. बाटलीत साधारण १८ टक्के अल्कोहोल. लिडियाबाई १८८३ मध्ये वारल्या, पत्रांना उत्तरं मात्र जातच राहिली, शेवटी १९०५ मध्ये एका अमेरिकन मासिकाने तिच्या थडग्याच्या दगडाचा फोटोच छापला तेव्हा लोकांना कळलं की इतकी वर्षं आपण कोणाला पत्रं लिहीत होतो.

आमच्या बाटलीवरही व्हॉट्सॲप नंबर आहे, 'वैद्यराजांशी थेट बोला'. आतेच्या शेजारणीने मेसेज केला की सांधे अजून दुखतात, उत्तर आलं कोर्स वाढवा. आतेने पोराकडून मेसेज टाकून घेतला की चक्कर येते, पाय बधिर वाटतात, उत्तर आलं कोर्स वाढवा, शरीरातली घाण बाहेर पडतेय, घाबरू नका. दोन वेगळ्या बायका, दोन वेगळ्या तक्रारी, आणि अक्षर न अक्षर तोच मेसेज. दोन्ही फोन शेजारी ठेवून बघितलंय मी. पाय बधिर होणं म्हणजे शुगर नसांपर्यंत पोचल्याची खूण असू शकते, हे ज्याला कळत नाही त्याने वैद्यराज हा शब्द वापरू नये. खऱ्या वैद्यांचा अपमान आहे हा. माझ्या ओळखीचे आयुर्वेदाचे डॉक्टर आहेत, ते आधी नाडी बघतात, रिपोर्ट मागतात, आणि शुगरच्या पेशंटची चालू गोळी स्वतःच्या मनाने कधी बंद करत नाहीत.

नंतर काय झालं ते थोडक्यात लिहितो, लांबवत नाही. एप्रिलचा दुसरा आठवडा, हापूसचा सीझन भरात, अंगणात पेट्या भरायचं काम चाललेलं. पेटीचा खिळा आतेच्या पायात घुसला. बधिर पाय, तिला कळलंच नाही, रात्री पाय धुताना पाण्यात रक्त दिसलं तेव्हा समजलं. हळद लावली, चिंधी बांधली, दुसऱ्या दिवशी परत पेट्या, कारण सीझनला कोण बसून राहतं. आठवड्याने पाय घोट्यापर्यंत सुजला, ताप आला, मला फोन आला. शुगर ४१२. अकरा दिवस ॲडमिट, इन्सुलिन चालू, आणि उजव्या पायाची करंगळी काढावी लागली. सर्जन म्हणाले अजून चार दिवस थांबला असता तर पंजा वाचवता आला नसता.

म्हणून कोणी मला म्हणतं ना की अरे फायदा नाही झाला तरी नुकसान काय, जडीबुटीच आहे, तेव्हा मी हा हिशोब सांगतो. बाटलीतलं नुकसान वेगळं आणि बाटलीमुळे बंद झालेल्या गोळीचं नुकसान वेगळं, आणि दुसरं पहिल्यापेक्षा कितीतरी मोठं असतं. दीडशे वर्षांपूर्वीही असंच होतं. डॉ. कॉलिस ब्राउनचं क्लोरोडाइन घ्या, याचा तर आपल्या मातीशी संबंध आहे, हा इंग्रज लष्करातला डॉक्टर हिंदुस्थानात असताना त्याने कॉलऱ्यासाठी ते बनवलं. आत अफूचा अर्क, गांजाचा अर्क आणि क्लोरोफॉर्म. जुलाब थांबायचे, कळ थांबायची, पेशंट शांत पडायचा, घरच्यांना वाटायचं उतार पडला. पण कॉलऱ्यात माणूस मरतो तो शरीरातलं पाणी आणि क्षार संपून, आणि ते भरून काढायचं काम अफू करत नाही. मीठ-साखरेचं पाणी जे काम करतं ते त्या महागड्या बाटलीत नव्हतं. खोकल्याला, जुलाबाला अफूने आराम पडतो हे खरंच, म्हणून तर ते इतकं खपलं, आणि घेता घेता कित्येकांना त्याचं व्यसन लागलं.

लहान मुलांचं तर लिहवत नाही. मिसेस विन्स्लोचं सूदिंग सिरप, १८४९ पासून अमेरिकेत, दात येताना रडणाऱ्या बाळांसाठी. जाहिरातीत सुंदर आई, गुटगुटीत बाळ. आत मॉर्फिन. बाळ झोपायचं, काही बाळं उठलीच नाहीत. इंग्लंडात गॉडफ्रेज कॉर्डियल म्हणून होतं, अफू आणि काकवी, गिरणीत कामाला जाणाऱ्या आया पोरांना पाजून जायच्या. आणि हे वाचताना मला आमच्या आजीच्या तोंडची 'बाळगोळी' आठवली. मुंबईच्या गिरण्यांत कोकणातून किती माणसं गेली आपल्याला माहितीये, तिथल्या चाळींत कामावर जाताना तान्ह्या पोरांना अफूची गोळी चाटवायची पद्धत होती, पोर दिवसभर गुंगीत पडून राहायचं. आईला दोष देववत नाही. गिरणीतली कामाची पाळी चुकली तर पगार कापला जाणार, पोराकडे बघायला कोणी नाही, आणि गोळी स्वस्त. गोळी विकणाऱ्याला मात्र आत काय आहे ते पक्कं माहीत होतं.

एक गोष्ट सरळ सांगायला हवी, त्या काळातलं सगळंच फसवं नव्हतं. डॉ. विल्यम्सच्या गुलाबी गोळ्या होत्या, 'फिकट माणसांसाठी', त्यात लोह होतं, आणि रक्त कमी असलेल्या मुलींना लोहाने फरक पडणारच. पण त्याच गोळ्या लकव्यावर पण विकल्या. तसंच आपल्याकडे. सुंठीचा काढा, ओव्याचा अर्क, जेवणानंतर सोलकढी, यावर माझा काही आक्षेप नाही, माझ्या घरी रोज आहे. कंपनीचं नीट लायसन्स असलेलं आसव-अरिष्ट मी स्वतः विकतो, त्या बाटलीवर आंबवताना तयार होणाऱ्या अल्कोहोलचं प्रमाणसुद्धा छापलेलं असतं. जे आहे ते लिहा, जेवढं होतं तेवढंच सांगा, बस.

हे लिहायला लावण्यासाठी कायदे करावे लागले आणि त्याला फार वेळ गेला. अमेरिकेत १९०६ चा कायदा आला तेव्हा पहिल्यांदा बाटलीवर अल्कोहोल, अफू, मॉर्फिन, कोकेन असेल तर लिहिणं सक्तीचं झालं. इंग्लंडात पार्लमेंटच्या समितीने दोन वर्षं साक्षी घेऊन रिपोर्ट दिला तो नेमका ४ ऑगस्ट १९१४ ला, त्याच दिवशी ब्रिटन महायुद्धात उतरलं आणि रिपोर्ट तसाच पडून राहिला. आपल्याकडे १९५४ चा कायदा आहे, औषधं आणि जादूई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा. त्यात आजारांची यादी दिलीय की यावर इलाज करतो अशी जाहिरातच करायची नाही, डायबिटीस आहे, मुतखडा आहे, उंची वाढवणं आहे, कॅन्सर, फिट, मोतीबिंदू, संधिवात आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद. मी बाटलीचं लेबल आणि कायद्याची यादी शेजारी ठेवून पेन्सिलने खुणा करत गेलो, अर्ध्या पानातच हात थांबला. म्हणजे नुसतं लेबल हाच गुन्हा आहे, आत काय आहे तो नंतरचा प्रश्न.

विक्रीनंतरची सेवा, हेही रिव्ह्यूत यायला हवं म्हणून लिहितो. आते हॉस्पिटलमध्ये असताना मी त्या नंबरवर फोन केला. पहिल्यांदा उचलला, मी शांतपणे सांगितलं की पेशंटची बोटं धोक्यात आहेत, बाटलीत काय आहे ते सांगा, डॉक्टरांना हवंय. पलीकडचा म्हणाला पेशंटनेच पथ्य पाळलं नसेल, आंबट खाल्लं असेल. कोकणात, कोकमाच्या गावात, आंबट खाल्लं असेल! त्यानंतर नंबर ब्लॉक. पैसे परत मागायचा प्रश्नच नव्हता, मला फक्त घटकांची नावं हवी होती.

देवगड, मालवण, कणकवली पट्ट्यातल्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, जत्रेत, बाजारात, स्टँडवर असा टेम्पो दिसला तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांवर चिडू नका, त्यांनी आपल्याला सांगायला हवं असेल तर आधी आपली भीती जायला हवी. बाटली हातात घ्या, मागे वळवा, लायसन्स नंबर आणि उत्पादकाचा पत्ता शोधा, आजार किती लिहिलेत ते मोजा. आणि डायबिटीस, बीपी, फिट, थायरॉइड यांची चालू गोळी कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका, आपल्या डॉक्टरला विचारल्याशिवाय तर नाहीच. आधीच कोणी पीत असेल तर आज शुगर तपासून घ्या, माझ्याकडे या, मशीन आहे, पैसे घेणार नाही.

तीनपैकी दोन बाटल्या जवळजवळ रिकाम्या झाल्या होत्या. तिसरी सीलबंद होती, ती मी लेबलच्या फोटोंसकट आणि दोन्ही फोनवरच्या मेसेजच्या प्रिंटसकट अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रारीसोबत जमा केली, पोच घेतली. ज्या तिघींनी सोबत घेतलं होतं त्यांच्या घरी स्वतः जाऊन आलो, एकीची शुगर २९० निघाली, तिला दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं.

आते आता बरी आहे. जखम भरायला दोन महिने लागले, मऊ चप्पल घालून अंगणात फिरते, आंब्याच्या पेट्यांच्या कामाला हात लावू देत नाही आम्ही. दर सोमवारी सकाळी चहाआधी दुकानात येते, बोट पुढे करते, आकडा आला की स्वतःच्या हाताने वहीत लिहिते. काल १३१ होता.